रासायनिक सुरक्षा प्रशिक्षण: पहिला दिवस जांभयांचा, दुसरा कामाचा

प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्यांसाठीचा हा दोन दिवसांचा कोर्स आहे. ॲनालिस्ट, संशोधक विद्यार्थी, काचसामान धुणारे मदतनीस, सगळे एकाच बॅचमध्ये बसतात. पहिला दिवस वर्गात, दुसरा प्रात्यक्षिकांचा, शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा आणि सर्टिफिकेट. मत आधीच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्या दिवसासाठी हा कोर्स जरूर घ्यावा. पहिल्या दिवसातला निम्मा भाग कापला तरी कुणाचं काही अडणार नाही. वेस्ट (रासायनिक कचरा) आणि स्केल-अप (प्रयोगाचं प्रमाण वाढवणं) हे दोन विषय मात्र प्रयोगशाळेने स्वतःच शिकवावेत, कारण इथे ते नावालाच आहेत. हात बसलेल्या माणसांना अपघात होतात ते बरेचदा याच दोन ठिकाणी.

सुरुवात जीएचएसने होते. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली रसायनांचे धोके सांगणारी ही लेबलांची जागतिक पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध केली. लाल चौकटीतली नऊ चित्रं, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ हे दोन शब्द, आणि एच (धोका काय) व पी (काळजी काय घ्यायची) क्रमांकांची वाक्यं. हे यायलाच हवं, पण त्यावर दीड तास घालवायची गरज नाही. कवटी बघून घाबरायला कुणाला शिकवावं लागत नाही. खरा उपयोग एच क्रमांकांचा. २०० च्या घरातले क्रमांक आग आणि स्फोटासारख्या भौतिक धोक्यांचे, ३०० चे आरोग्याचे, ४०० चे पर्यावरणाचे. एच २२५ दिसलं की द्रव आणि त्याची वाफ झटकन पेट घेणारी, एच ३१४ म्हणजे त्वचा भाजणार आणि डोळा जाणार, एच ३३० म्हणजे श्वासातून गेलं तर जीवावर बेतणार. हे तीन-चार क्रमांक डोळ्यांत बसले की बाटली उचलण्याआधीच हात थबकतो. स्लाइडवर मात्र क्रमांकांना एकच ओळ मिळाली आहे.

याच भागात एक गोष्ट झकास शिकवली जाते. जीएचएसमध्ये श्रेणी १ सगळ्यात धोकादायक असते आणि आकडा वाढत जाईल तसा धोका कमी होतो. दारावर किंवा कपाटावर चिकटवलेल्या एनएफपीएच्या (अमेरिकेतली अग्निसुरक्षा संस्था) चौरंगी हिऱ्यात नेमकं उलटं असतं, तिथे ४ सगळ्यात वाईट आणि ० म्हणजे निर्धास्त. प्रशिक्षक डायएथिल ईथरची बाटली पुढे ठेवतात. जीएचएसनुसार ज्वलनशीलता श्रेणी १, हिऱ्याच्या लाल खणात ४. आकडे दोन टोकांचे, अर्थ एकच. ज्याने दोन्ही पद्धती वेगवेगळ्या दिवशी शिकल्या तो घाईत ‘१’ बघून निवांत होतो. एवढं एक उदाहरण सकाळच्या सत्राची लाज राखतं.

त्यानंतर एसडीएस, म्हणजे रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक. सोळा विभागांची नावं म्हणून दाखवण्यात अर्धा तास जातो आणि मग एकदम चांगला सराव येतो. प्रत्येकाच्या हातात एक एसडीएस, पाच प्रश्न, दहा मिनिटं. डोळ्यात गेलं तर काय (विभाग ४), आगीवर काय मारायचं (५), सांडलं तर (६), ग्लव्ह कुठला (८), शेजारी काय ठेवायचं नाही (१०). इथे सगळ्यांची गाडी विभाग ८ वर अडकते. बऱ्याच पुरवठादारांच्या एसडीएसमध्ये तिथे नुसतं ‘योग्य हातमोजे वापरावेत’ असं लिहिलेलं असतं. ना मटेरियल, ना जाडी, ना किती मिनिटं टिकेल. अशा वेळी दुसऱ्या पुरवठादाराचा एसडीएस काढून बघायचा आणि ग्लव्ह बनवणाऱ्याचा तक्ता उघडायचा, हे प्रशिक्षक सांगतात तेव्हा निम्मा वर्ग पहिल्यांदाच लिहून घ्यायला लागतो.

ग्लव्हजचा भाग या कोर्समध्ये सर्वांत जमलेला आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. निळा पातळ नायट्राइल ग्लव्ह घातला की हात सुरक्षित, हा समज इथे पद्धतशीर मोडला जातो. बोटावर ताणलेल्या नायट्राइलवर डायक्लोरोमिथेनचे दोन थेंब टाकून दाखवतात, अर्थात ते बोट लाकडी साच्याचं असतं. मिनिट-दोन मिनिटांत रबर सुरकुततं, फुगतं, आणि आतल्या बाजूला लावलेली दर्शक पट्टी रंग बदलते. भोक पडलेलं नसतं. द्रव रबरातूनच पलीकडे झिरपतो. ॲसिटोनचंही थोड्याफार फरकाने तेच. ॲसिटोनला ब्युटाइल रबर चांगलं, डायक्लोरोमिथेनला अनेक थरांचा लॅमिनेट ग्लव्ह किंवा पीव्हीए. पीव्हीए मात्र पाण्यात विरघळतं, तेव्हा तो घालून नळाखाली हात धरायचा नाही.

मग ग्लव्हच्या खोक्यावरची खूण वाचायला लावतात. ईएन आयएसओ ३७४ हा क्रमांक, चंबूचं चित्र आणि त्याखाली काही अक्षरं. जे म्हणजे हेप्टेन, के म्हणजे ४० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, एल म्हणजे ९६ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. पातळी म्हणजे रसायन झिरपून पलीकडे यायला किती वेळ लागतो ते: पातळी १ म्हणजे दहा मिनिटांपेक्षा जास्त, पातळी २ म्हणजे तीस, पातळी ६ म्हणजे ४८० मिनिटांहून जास्त. आपलं सॉल्व्हंट त्या अक्षरांत नसेल, तर त्याच्या बाबतीत खोकं काहीच वचन देत नाही. त्यासोबत डार्टमथ कॉलेजमधल्या कॅरेन वेटरहान यांची हकिकत येते. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब लेटेक्सच्या ग्लव्हवर पडले, पुढे पारा भिनल्याचं लक्षात यायला महिने लागले, जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी ग्लव्ह घातला होता, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये काम करत होत्या, विषय त्यांच्या हातचा होता. नियम मोडला गेला नव्हता, ग्लव्हच त्या रसायनाचा नव्हता. हा मुद्दा प्रशिक्षक नीट पोचवतात, उगाच रडका सूर लावत नाहीत.

ग्लव्ह काढायचा सराव दुसऱ्या दिवशी होतो. ग्लव्हला चमकणारी पावडर लावतात, काम करायला लावतात, मग काढायला सांगतात आणि खोलीतला दिवा बंद करून अतिनील दिवा लावतात. मनगटं, गॉगलचा पट्टा, पेनचं टोपण, मोबाइल, दाराची मूठ, सगळं लखलखायला लागतं. योग्य पद्धत तशी सोपी आहे. एका हाताच्या ग्लव्हला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरायचं, उलटा करत काढायचा, निघालेला गोळा दुसऱ्या मुठीत ठेवायचा, मग मोकळं बोट दुसऱ्या ग्लव्हच्या काठाखाली आतून सरकवून तोही उलटा करत पहिल्यावर ओढून घ्यायचा. चूक एकाच जागी होते. दुसऱ्या ग्लव्हच्या वेळी लोक उघड्या बोटांनी बाहेरचा भाग धरतात. तिसऱ्या प्रयत्नाशिवाय कुणाला स्वच्छ जमत नाही, आणि तीन प्रयत्न करू देतात, ही गोष्ट कौतुकाची.

फ्यूम हूड. सिद्धांत थोडक्यात उरकतात, ते बरंच आहे. सॅशजवळ, म्हणजे हूडच्या पुढच्या सरकत्या काचेजवळ, हवेचा वेग सेकंदाला साधारण ०.४ ते ०.६ मीटर हवा. कमी असला तर वाफ बाहेर येते. फार वाढवला तरी भोवरे तयार होऊन ती बाहेरच येते, आणि हे बहुतेकांना नवीन असतं. प्रात्यक्षिकात धुराची कांडी घेऊन तीन गोष्टी दाखवतात. भांडं सॅशच्या काठाशी ठेवलं तर धूर सरळ नाकाकडे येतो. तेच १५ सेंटिमीटर आत सरकवलं की मागे ओढला जातो. मग मागच्या फटीपुढे रिकाम्या बाटल्यांची रांग लावतात आणि धूर परत पुढे फिरतो. हूडचं कपाट का करायचं नाही हे सांगायला दहा स्लाइड लागल्या असत्या. शेवटी एक जण हूडपुढून झपझप चालत जातो आणि धुराची शेपटी त्याच्यामागे बाहेर येते. मोठं उपकरण आत ठेवायचंच असेल तर खाली पाच सेंटिमीटरचे पाय लावून उचलायचं, म्हणजे खालून हवा वाहते, हेही सांगतात. फक्त परक्लोरिक ॲसिडचा उल्लेख राहून जातो. ते तापवायचं तर पाण्याने धुतला जाणारा खास हूड लागतो, नाहीतर डक्टमध्ये स्फोटक परक्लोरेट साठत जातात. असं ॲसिड वापरणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतः विचारावा.

आयवॉशचा, म्हणजे डोळे धुवायच्या फवाऱ्याचा, सराव प्रत्यक्ष होतो, आणि तो बघण्यासारखा असतो. डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्या टेबलापासून आयवॉशपर्यंत जायचं. मानक सांगतं दहा सेकंद, वाटेत पायरी नको, झडप एका सेकंदात उघडावी आणि हात सोडले तरी उघडीच राहावी. पट्टी बांधलेला माणूस पहिल्यांदा खुर्चीला अडखळतो, मग आयवॉशखाली कुणीतरी ठेवलेल्या खोक्याला. खरा धडा पुढे आहे. पाणी लागलं की पापण्या आपोआप मिटतात, त्यामुळे त्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात आणि बुबुळं फिरवावी लागतात. हे पंधरा मिनिटं करायचं असतं. सरावात तीन मिनिटांनीच लोक मान वर काढतात. पाणी कोमट हवं, १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, ही अट चैनीची वाटते. गार पाण्याखाली एक मिनिट डोळा धरून बघितला की पटते. आणि दर आठवड्याला झडप उघडून पाणी वाहू द्यायचं. महिनोन्महिने न वापरलेल्या नळीतून पहिल्यांदा येतं ते तांबूस गंजाचं पाणी.

हायड्रोफ्लुओरिक ॲसिड इथे वेगळं काढून शिकवतात, हे योग्यच. पातळ द्रावण अंगावर पडलं तर लगेच दुखत नाही. वेदना काही तासांनी, कधी दिवसभराने सुरू होतात आणि तोवर फ्लुओराइड आत उतरून कॅल्शियम बांधत गेलेलं असतं. म्हणून इथे नुसतं पंधरा मिनिटं धुणं पुरेसं नाही. साधारण पाच मिनिटं भरपूर पाण्याने धुवून लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायला घ्यायची, चोळणाऱ्यानेही ग्लव्ह घालायचे, आणि दुखत नसलं तरी रुग्णालयात न्यायचं. जेलची ट्यूब दाखवतात, मुदत वाचायला लावतात. आपल्याकडची ट्यूब कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे असा प्रश्न टाकला की वर्ग चिडीचूप होतो.

सांडलेलं आवरण्याचा सराव ठीकठाक आहे. फरशीवर लिटरभर रंगीत पाणी ओततात. पहिली चूक ठरलेली: शोषक पावडर मधोमध ओतली जाते आणि द्रव कडेने पळतो. आधी बाहेरून बांध घालायचा, मग आत यायचं. दुसरी चूक सोडियम बायकार्बोनेटची. तीव्र ॲसिडवर भसकन ओतलं तर फेस येऊन थेंब उडतात, म्हणून कडेपासून थोडं थोडं टाकायचं आणि शेवटी पीएच पट्टीने बघायचं. नायट्रिक ॲसिडवर लाकडाचा भुसा किंवा कागदी टॉवेल टाकायचे नाहीत, पेटू शकतात, हेही सांगतात. राहतं ते सगळ्यात महत्त्वाचं: कधी आवरायचंच नाही. अडीच लिटर ईथरची बाटली बंद खोलीत फुटली तर सांडलेलं आवरायचं किट शोधायचं नसतं. माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं, आणि जाता जाता दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही. या निर्णयाचा सराव कोर्समध्ये नाही. वीरश्री संचारलेले लोक किट उघडायला शिकून घरी जातात.

आगीचं प्रात्यक्षिक सर्वांत दिखाऊ आणि प्रयोगशाळेसाठी सर्वांत कमी उपयोगाचं. मोकळ्या मैदानात ट्रेमधली आग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, पिन ओढा, तळाकडे रोखा, दाबा, फिरवा. फोटो छान येतात. प्रयोगशाळेत पेटतो तो बीकर. त्यावर जवळून कार्बन डायऑक्साइड मारला तर जोरामुळे पेटतं सॉल्व्हंट टेबलभर उडतं. तापकाचं बटण बंद करून बीकरवर वॉच ग्लास सरकवलं की आग गुदमरते. हे शिकवायला एक मिनिट लागलं असतं. धातूंच्या आगीबद्दलही मौन. सोडियम, लिथियम, मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही, वर्ग डी ची, म्हणजे धातूंच्या आगीसाठीची, पावडर लागते. अंगावरच्या कपड्यांबद्दल मात्र एक चांगली स्लाइड आहे. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्शरी ब्युटाइल लिथियम ओढताना सिरिंजचा दट्ट्या निसटला. हवेत आपसूक पेटणारं ते द्रावण संशोधन साहाय्यकाच्या सिंथेटिक स्वेटरवर पडलं, अंगात लॅब कोट नव्हता, आणि अठरा दिवसांनी मृत्यू झाला. सुती किंवा ज्वालारोधक कोट का, पॉलिस्टरचा का नाही, याचं उत्तर त्यात आहे. इतकं द्रावण सिरिंजने न ओढता दुतोंडी सुईने का न्यायचं, हे सांगायचं मात्र टाळलं आहे.

आता वेस्ट. संपूर्ण कोर्समध्ये त्याला पंचवीस मिनिटं. हॅलोजनयुक्त वेगळं, हॅलोजनविरहित वेगळं, ॲसिड वेगळं, अल्कली वेगळं, लेबल लावा, पुढे चला. पण एक रिकामी मिथेनॉलची बाटली घ्या, तळाशी चमचाभर मिथेनॉल उरलेलं, तिच्यात नायट्रिक ॲसिडचं वेस्ट ओता आणि बूच घट्ट लावून घरी जा. क्रिया हळूहळू सुरू होते, वायू साठत जातो, रात्री कधीतरी बाटली फुटते आणि कपाटातल्या शेजारच्या बाटल्याही घेऊन जाते. ओतताना काहीच होत नाही, हीच तर खोच आहे. सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं पिरान्हा द्रावणही तसंच, ते गार होऊन शांत होईपर्यंत उघड्या भांड्यात, आणि नंतरही हवा जाणारं बूच. सोडियम अझाइड ॲसिडमध्ये गेलं तर विषारी आणि स्फोटक हायड्राझोइक ॲसिड, डायक्लोरोमिथेनच्या वेस्टमध्ये गेलं तर डायअझिडोमिथेन, सिंकमध्ये गेलं तर तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक अझाइड. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन एकत्र असताना अल्कली पडलं तर मिश्रण भडकतं. ही चार उदाहरणं सांगायला दहा मिनिटं पुरतात. कोर्समध्ये त्यांतलं एकही नाही.

साठवणीवर तुलनेने बरं काम केलंय. इंग्रजी वर्णक्रमाने बाटल्या लावल्या की हायड्राझीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हाताच्या अंतरावर येतात, ही जोडी अग्निबाणाच्या इंधनात शोभते, फळीवर नाही. ईथर आणि टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये साठवणीत स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून त्यांच्या बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहायला लावतात, पेरॉक्साइडची पट्टी बुडवून दाखवतात. बुचाभोवती स्फटिक दिसले तर बूच फिरवायचंच नाही, हे तीनदा बजावतात. बजावायलाच हवं.

स्केल-अपबद्दल एक वाक्य: ‘प्रमाण वाढवताना काळजी घ्या.’ यातून कोण काय घेणार? घनफळ दहापट केलं तर भांड्याचा पृष्ठभाग जेमतेम ४.६ पट वाढतो. म्हणजे उष्णता दहापट तयार होते आणि बाहेर जायला वाट त्या मानाने निम्म्याहून कमी. पन्नास मिलिलिटरला बर्फाचं भांडं पुरलं म्हणून पाचशेला पुरेल असं नसतं. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये निकेल हायड्राझीन परक्लोरेटचा स्फोट होऊन विद्यार्थ्याने तीन बोटं गमावली. एका वेळी १०० मिलिग्रॅमची मर्यादा तोंडी सांगितलेली होती, बनवलं होतं सुमारे १० ग्रॅम. तोंडी मर्यादा कुठेही लिहिलेली नसली की काय होतं याचं याहून नेमकं उदाहरण नाही, आणि अपघाताचा चौकशी अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे.

परीक्षा लुटुपुटीची. ‘ॲसिड पाण्यात की पाणी ॲसिडमध्ये’ अशा धाटणीचे प्रश्न, नापास होणं अवघड. प्रात्यक्षिकाला गुणच नाहीत, ग्लव्ह तिन्ही वेळा चुकीचा काढणाऱ्यालाही तेच सर्टिफिकेट मिळतं. वर्षभरानंतरची उजळणी ऑनलाइन आहे आणि ‘पुढे’ हे बटण दाबत राहिलं की चाळीस मिनिटांत संपते. बॅच आठ जणांची असेल तर प्रत्येकाला प्रत्येक सराव मिळतो. वीस जणांच्या बॅचमध्ये बारा जण नुसते बघे होतात, तेव्हा आकडा आधी ठरवून घ्यावा. मदतनिसांसाठी वेगळी अर्धी बॅच मागितली तर देतात. ती मागावीच, कारण पुसल्या गेलेल्या लेबलांच्या बाटल्या धुवायला त्यांच्याच हातात येतात.

बुकिंग करताना आपल्याकडच्या सर्वांत जास्त वापरातल्या दहा रसायनांची यादी, वेस्टच्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो आणि ग्लव्हच्या खोक्याची मागची बाजू आठवडाभर आधी पाठवावी. पाठवली तर दुसऱ्या दिवसाचे सराव त्यावर बेततात, वेस्टची पंचवीस मिनिटं तासाभरावर जातात. नाही पाठवली तर दोन्ही दिवस ॲसिटोन आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडवरच निघतात.